आधी काय, मग काय

माझ्या मांडीतली गाठ कधी दुखली नाही. तळहात ठेवला की आत नाडीसारखं उडताना लागायचं, एवढंच. सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं, म्हणून पहिल्या रिपोर्टात 'रक्तवाहिन्यांची गाठ' असं आलं आणि बरेच महिने त्याच समजात गेले. या आजारात असं पुष्कळांचं होतं. गाठीचा रक्तपुरवठा इतका दांडगा असतो की स्कॅनवर ती जन्मापासूनच्या निरुपद्रवी गाठीसारखी दिसते. खरं काय ते बायोप्सीत बाहेर आलं, तेही दोन टप्प्यांत. पहिल्या प्रयोगशाळेने 'सार्कोमा, प्रकार निश्चित नाही' असं लिहून दिलं. दादाने तिथून ब्लॉक आणि स्लाइड्स (गाठीच्या तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचपट्ट्या) मागून घेतल्या आणि सार्कोमाच पाहणाऱ्या एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवल्या. तिथून नाव आलं: अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा. डॉक्टर मंडळी एएसपीएस म्हणतात.

मला लिहायचंय ते मेंदूच्या उपचारांबद्दल. पण पुढचा प्रत्येक निर्णय या नावावर उभा होता, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींच्या कर्करोगांना सार्कोमा म्हणतात. ते मुळातच कमी, आणि त्यातही एएसपीएस एक टक्क्याच्या आत. वेगळा आजार म्हणून त्याचं वर्णन पहिल्यांदा १९५२ मध्ये झालं. तो बहुतेक करून १५ ते ३५ या वयात होतो. एक्स आणि १७ या गुणसूत्रांचे तुकडे भलत्याच ठिकाणी जोडले जातात, त्यातून दोन जनुकं एकत्र येऊन एक नवंच जनुक तयार होतं आणि ते पेशीला सतत वाढायला आणि नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्यायला लावतं. पॅथॉलॉजिस्टनी टीएफई३ नावाची तपासणी केली ती यासाठीच. या जनुकाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात दिसलं आणि शंका मिटली.

याचा व्यवहारात अर्थ असा की सार्कोमात सहसा पहिलं औषध म्हणून डॉक्सोरुबिसिनची केमो देतात, तिचा या आजारावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. उलट नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्या, म्हणजे पॅझोपॅनिब, सुनिटिनिब यांसारख्या, बऱ्याच जणांना लागू पडतात. 'प्रकार निश्चित नाही' या शेऱ्यावर मी थांबले असते, तर मला केमोच सुरू झाली असती. ज्यांच्या रिपोर्टात नुसतं 'सार्कोमा' लिहिलंय त्यांनी स्लाइड्स दुसरीकडे दाखवल्याशिवाय उपचारांना होकार देऊ नये, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

हा आजार वाढतो संथ. पण संथ म्हणून त्याला सौम्य समजायचं कारण नाही. मूळ गाठ सापडते तेव्हाच पुष्कळांच्या फुफ्फुसात पसरलेल्या आजाराचे ठिपके असतात. माझ्याही होते. आणि इतर मऊ ऊतींचे सार्कोमा मेंदूत क्वचितच जातात, हा मात्र जातो. म्हणून आमच्या कर्करोगतज्ज्ञ मॅडमनी अगदी सुरुवातीलाच डोक्याचा एमआरआय करून घेतला होता. तेव्हा तो स्वच्छ आला. मांडीचं ऑपरेशन झालं, फुफ्फुसांसाठी पॅझोपॅनिब सुरू झालं. उपाशीपोटी घ्यायची गोळी, रोज रक्तदाब मोजायचा, ठरावीक काळाने यकृताची रक्ततपासणी. भुवया आणि केस पांढरे झाले. आईला ते पाहवत नसे. मला त्याचं फार वाटलं नाही, कारण ठिपके आकसत होते.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी मी एका कागदावर सही करत होते. उजवा अंगठा आपोआप आत ओढला गेला. मग सोडला गेला. परत ओढला गेला. पेन पडलं. तोवर बाकीची बोटंही तशीच उडायला लागली, मग मनगट, मग कोपर. मी पूर्ण शुद्धीवर होते. हात माझ्या डोळ्यांदेखत हलत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. दादाला हाक मारायला गेले तर जीभ वळेना. दोनेक मिनिटांत सगळं शांत झालं. हात मात्र बराच वेळ लुळा राहिला. नंतर कळलं की अंगठ्यापासून चढत जाणारी फिट म्हणजे मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागात गडबड आहे याचा जवळजवळ पत्ताच. स्कॅनमध्ये दिसलं ते असं: मेंदूच्या डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या पट्ट्याला लागून तीन सेंटिमीटरची गाठ, आतमध्ये रक्त साकळलेलं, भोवती मोठी सूज. शिवाय उजवीकडे मागच्या बाजूला एक सेंटिमीटरहून लहान असा दुसरा ठिपका.

यानंतरचे दोन-तीन दिवस माझ्या आठवणीत सर्वांत कठीण आहेत, आणि त्याला आजाराइतकंच कारण होतं ते वेगवेगळ्या सल्ल्यांचं. एका डॉक्टरांनी सांगितलं, उद्यापासून पूर्ण डोक्याला रेडिएशन सुरू करू. दुसरे म्हणाले, गाठ काढूनच टाकली पाहिजे. तिसऱ्यांचं मत, ऑपरेशनची जोखीम नको, दोन्हीला गॅमा नाइफ, म्हणजे एकाच बैठकीत नेमक्या जागी दिलेलं जोरदार रेडिएशन. प्रत्येकजण मनापासून बोलत होता आणि आपापल्या विषयात जाणकार होता. पण रात्री आम्ही तिघं बसलो तेव्हा आईने विचारलं, "मग आता करायचं काय?" आणि कुणालाच काही बोलता येईना.

कर्करोगतज्ज्ञ मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सुजेचं औषध आणि फिटचं औषध चालू ठेवा. बाकी काहीही सुरू करू देऊ नका. परवा मी सगळ्यांना एका टेबलाशी बसवते." त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. न्यूरोसर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, कर्करोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट असे सगळे एकाच वेळी एकच स्कॅन पाहतात आणि एकमेकांसमोर मत मांडतात. बैठकीत आम्हाला बसता आलं नाही, पण नंतर मॅडम आमच्याशी निवांत बोलल्या. दादाने एका कोऱ्या कागदावर वर लिहून नेलं होतं: आधी काय, मग काय, आणि का. त्या कागदाचं उत्तर मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली.

पूर्ण डोक्याचं रेडिएशन का नाही, तर सार्कोमाच्या पेशी रोजच्या थोड्याथोड्या डोसाला सहसा दाद देत नाहीत. त्यातून ठिपके दोनच, आणि पूर्ण डोकं शेकल्यावर पुढे स्मरणशक्तीवर परिणाम होतो. तो उपाय त्यांनी राखून ठेवला. मोठ्या गाठीला गॅमा नाइफ का नाही, तर गाठ जितकी मोठी तितका तिला एका बैठकीत सुरक्षितपणे देता येणारा डोस कमी. दोन सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), तीनपर्यंत १८, चारपर्यंत १५, असं जुन्या अभ्यासातून ठरलेलं गणित आहे. म्हणजे जिथे जास्त मारा हवा तिथेच तो कमी बसतो. शिवाय रेडिएशनने दाब चटकन उतरत नाही, आणि माझ्या गाठीत रक्त उतरलेलं होतं. तेव्हा मोठी गाठ ऑपरेशन करून काढायची, लहान ठिपक्याला रेडिओसर्जरी, म्हणजे गॅमा नाइफसारखं नेमक्या जागचं रेडिएशन, आणि गाठ काढल्यावर उरणाऱ्या पोकळीलाही जखम भरल्यावर रेडिएशन. नुसतं काढून सोडलं तर तिथेच परत उगवण्याची शक्यता मोठी असते.

इथपर्यंतचं तरी मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. गोळ्यांचा क्रम मात्र आम्हाला घरी सांभाळायचा होता, आणि खरी कसोटी तिथे होती.

पॅझोपॅनिब लगेच थांबलं. ते रक्तवाहिन्या रोखतं, त्यामुळे जखम भरायला वेळ लागतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. साधं ठरलेलं ऑपरेशन असलं तरी ते निदान आठवडाभर आधी बंद करायचं असतं. इथे तर मेंदूतच रक्त होतं. फिटसाठी तातडीच्या विभागात फेनिटॉइन दिलं होतं, ते मॅडमनी बदलून लेव्हेटिरासेटाम केलं. फेनिटॉइन यकृताला इतर औषधं झपाट्याने मोडायला लावतं. ते तसंच ठेवून पुढे पॅझोपॅनिब परत सुरू केलं असतं तर त्याचं रक्तातलं प्रमाण घसरलं असतं आणि गोळी घेऊनही न घेतल्यासारखी झाली असती. सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि त्याने पोटाला इजा होऊ नये म्हणून आम्ल कमी करणारी गोळी. पण पॅझोपॅनिब नीट शोषलं जायला पोटात आम्ल लागतं! ही अडचण आमच्या लक्षात आणून दिली ती रुग्णालयातल्या औषधतज्ज्ञांनी. दोन विभागांच्या दोन चिठ्ठ्या त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. तेव्हापासून दादा प्रत्येक नव्या औषधाची चिठ्ठी थेट त्यांच्याकडे नेतो. कुणी आम्हाला विचारलं की आजारपणात सर्वांत उपयोगी माणूस कोण भेटला, तर मी त्यांचं नाव घेईन.

ऑपरेशनआधी एक वेगळा एमआरआय झाला. त्यात बोटं हलवायला सांगतात आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते टिपतात. गाठ त्या भागाला अगदी खेटून होती. सर्जन सरांनी स्पष्ट सांगितलं, "हात काही दिवस जाईल असं धरून चाला. परत येण्याची शक्यता चांगली आहे, पण खात्री देत नाही." भुलेखालीच मेंदूच्या पृष्ठभागाला बारीक विद्युतप्रवाह देऊन हाताचा पट्टा शोधत शोधत त्यांनी गाठ काढली. ही गाठ रक्ताने भरलेली असते, म्हणून रक्ताची सोय आधीच करून ठेवली होती. ती लागली.

शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात पांघरुणावर ठेवलेला दिसत होता आणि तो माझा वाटत नव्हता. मी अंगठ्याला हलायला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. तिसऱ्या दिवशी करंगळी किंचित वाकली. फिजिओथेरपीच्या ताईंनी एक सदरा आणून दिला आणि म्हणाल्या, रोज एवढंच करायचं, बटणं लावायची. पहिलं बटण काजात जायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. बटण तर्जनी आणि अंगठ्यात धरलं की कुठे आहे तेच कळायचं नाही, डोळ्यांनी बघत राहावं लागायचं. बटण निसटायचं, आई शेजारी बसून हात पुढे करायची आणि परत मागे घ्यायची. तिला मदत न करायला किती कष्ट पडले असतील ते मला आता कळतं. अक्षर अजून पूर्वीसारखं आलेलं नाही. सही येते.

डेक्सामेथासोनबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण त्याबद्दल घरच्यांना आधी कुणी सांगत नाही. सूज उतरवण्यात त्याला तोड नाही. एका दिवसात डोकं हलकं झालं, बोलणं सुधारलं. पण रात्री टक्क जाग. चेहरा सुजला, साखर वाढली, आणि मांड्यांतली ताकद इतकी गेली की खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागायचा. त्यात लेव्हेटिरासेटामने चिडचिड वाढते. मी आईवर ओरडले, दादावर ओरडले, अशा गोष्टींवरून की ज्या मला दुसऱ्या मिनिटाला आठवायच्या नाहीत. दादाने ते मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की हा औषधाचा परिणाम आहे, स्वभावाचा नाही, आणि डोस बदलून दिला. घरच्यांना माझी एकच विनंती आहे, की असं काही दिसलं तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आणि डेक्सामेथासोन कितीही नकोसं झालं तरी एकदम बंद करायचं नाही, पायरीपायरीनेच उतरवायचं. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर थांबवलेलं असतं.

लहान ठिपक्याला गॅमा नाइफ झालं. नावात नाइफ असलं तरी कुठे कापत नाहीत. लार्स लेक्सेल या स्वीडिश सर्जनने ही कल्पना १९५१ मध्ये मांडली आणि पहिलं यंत्र १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालं. आताच्या यंत्रात कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. प्रत्येक किरण एकेकटा इतका क्षीण की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही. सगळे जिथे एकत्र येतात तिथेच मारा बसतो. सकाळी डोक्याला धातूची चौकट बसवली, चार ठिकाणी स्क्रू. मला त्या स्क्रूंचीच धास्ती होती. प्रत्यक्षात बधिर करायच्या सुया झोंबल्या, स्क्रू लागले तेव्हा घट्ट पट्टा आवळल्यासारखा दाब आला आणि थोड्या वेळाने तोही सवयीचा झाला. चौकटीसकट एमआरआय, मग डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून नकाशा तयार करेपर्यंत वाट पाहणं. प्रत्यक्ष उपचारात काही जाणवलं नाही, आवाजही नाही. केस गळले नाहीत. पोकळीसाठी मात्र चौकटीऐवजी चेहऱ्याचा प्लास्टिकचा मुखवटा करून पाच बैठकांत रेडिएशन दिलं, कारण तिचा आकार मोठा आणि वेडावाकडा होता.

यानंतर प्रश्न उरला मेंदूबाहेरच्या आजाराचा. पॅझोपॅनिब चालू असतानाच मेंदूत गाठी झाल्या होत्या आणि फुफ्फुसातले काही ठिपकेही परत वाढायला लागले होते. मॅडम म्हणाल्या, आता इम्युनोथेरपी. अटेझोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२२ मध्ये नेमक्या याच आजारासाठी मंजुरी दिली, मोठ्यांना आणि दोन वर्षांवरच्या मुलांनाही. ज्या अभ्यासावर ती मंजुरी आधारलेली होती त्यात ४९ रुग्ण होते आणि २४ टक्क्यांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. आकडा ऐकून दादाचा चेहरा उतरला. मॅडमनी पुढचं सांगितलं: ज्यांना ते लागू पडलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत परिणाम पुष्कळ दिवस टिकला. इतक्या दुर्मीळ आजारासाठी स्वतंत्र मंजुरी मिळालेलं औषध आहे, ही गोष्टच मला त्या दिवशी मोठी वाटली. ज्या अनोळखी ४९ जणांनी तो अभ्यास शक्य केला त्यांची मला नेहमी आठवण येते.

पण इथेही क्रम आला. इम्युनोथेरपी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करते आणि डेक्सामेथासोन तिलाच झोपवतं. म्हणून आधी स्टेरॉइड अगदी कमी डोसावर आणायचं, मग पहिलं सलाईन. मधल्या काळात, स्कॅनमध्ये ताजं रक्त नाही याची खात्री करून, पॅझोपॅनिब थोडे दिवस परत दिलं, आम्लाच्या गोळीची वेळ आणि प्रकार बदलून. मग ते बंद आणि दर तीन आठवड्यांनी अटेझोलिझुमॅब. थकवा येतो, आणि थायरॉइड मंदावला, त्याची गोळी आता कायमची. खोकला, जुलाब किंवा दम लागणं यांपैकी काही झालं तर वाट न पाहता कळवायचं, असं एक कार्ड पाकिटात असतं. फुफ्फुसातले ठिपके तिसऱ्या स्कॅनपासून लहान व्हायला लागले.

आणि मग वर्ष भरत आलं असताना पोकळीच्या कडेला एमआरआयमध्ये पांढरं कडं दिसलं, भोवती सूज. रिपोर्टात 'आजार वाढल्याची शक्यता' असं वाक्य. आई तिथेच खाली बसली. रेडिएशनच्या डॉक्टरांनी मात्र लगेच ऑपरेशनचं नाव काढलं नाही. जास्त डोस दिलेल्या जागी काही महिन्यांनी मेलेल्या ऊतींमुळे अगदी असंच चित्र दिसू शकतं. त्याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात, आणि साध्या एमआरआयवर दोन्हीतला फरक ओळखणं अवघड. म्हणून त्यांनी रक्तप्रवाह मोजणारा परफ्यूजन एमआरआय करायला सांगितला. माझा आजार रक्तवाहिन्यांचा भुकेला. तो परत आला असता तर तिथे रक्तप्रवाह वाढलेला दिसला असता. तो कमी निघाला. तरीही त्यांनी पूर्ण खात्री दिली नाही, सहा आठवड्यांनी परत बघू म्हणाले. परत जोरात स्टेरॉइड दिलं तर इम्युनोथेरपीवर पाणी पडेल, म्हणून सूज वाढलीच तर बेव्हॅसिझुमॅब हे स्टेरॉइड नसलेलं औषध देण्याचं आधीच ठरवून ठेवलं. ते लागलं नाही. पुढच्या स्कॅनमध्ये कडं पुसट झालं होतं.

मी गाडी चालवत नाही. फिटची गोळी चालू आहे. दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याचा एमआरआय असतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. गेल्या वेळी लहान मेंदूत एक नवा ठिपका दिसला, चार मिलिमीटरचा. परत बोर्ड बसला. या वेळी मतभेद नव्हते: इम्युनोथेरपी तशीच चालू ठेवायची, कारण फुफ्फुसं ऐकतायत, आणि ठिपका लहान आहे तोवरच त्याला रेडिओसर्जरी द्यायची. दादाचा कागद परत निघाला, त्यावर या खेपेला दोनच ओळी आल्या. चौकटीऐवजी मुखवट्यावर भागेल का, असं मी विचारलं होतं. ठिपका लहान आहे, नेमकेपणासाठी चौकटच बरी, असं सांगितलंय. तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.